सगळे भाग परत एकत्र ओतले

प्रिय विन्या,

तब्येत ठीक, चष्म्याचा नंबर वाढला, बास. हे पद्यालाही कळवता आलं असतं, पण तो ‘अभिनंदन’ म्हणून मोकळा झाला असता. तुझी मात्र झोप उडेल, म्हणून तुलाच लिहितोय.

पनामाच्या पर्जन्यवनातली ती कोवळी पानं आठवतात ना? कोवळीच का, म्हणून तू हसला होतास. जून पान चिवटपणावर निभावून नेतं. कोवळ्याला ती सोय नाही, त्याला विषावरच तगावं लागतं. फिलिस कोली आणि टॉम कर्सार यांचा तिथल्या कोवळ्या पानांचा अभ्यास मी तुला तेव्हाच वाचायला सांगितला होता. वाचला नसशीलच. झाडाचं नाव अजून लिहिता येत नाही, चिडू नकोस.

तर त्या पानांचा अर्क लेशमॅनियावर, म्हणजे कातडीवर व्रण उठवणाऱ्या परजीवीवर, चालला. जिम्सा रंग (परजीवी दिसावेत म्हणून देतात तो) देऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अर्क न दिलेल्या मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणाऱ्या आपल्याच पेशी) परजीवींनी गच्च भरलेल्या; प्रत्येक गोल ठिपक्यात जांभळा केंद्रक आणि त्याला खेटून कायनेटोप्लास्टची, म्हणजे परजीवीच्या वेगळ्या डीएनए-गोळ्याची, गडद काडी. अर्क दिलेल्या पेशी रिकाम्या, आणि जिवंत! हे जिवंत असणंच मोलाचं. परजीवी पेशीच्या पोटातच बसलेला असतो. घर जाळून उंदीर मारणं कुणालाही जमतं.

मग नेहमीचं काम. अर्क सिलिकाची पूड भरलेल्या नळीतून, कॉलममधून, उतरवायचा, भाग वेगळे करायचे, जो भाग मारतो तो आणखी फोडायचा, एकच रेणू हाती लागेपर्यंत. पहिल्याच फेरीत गुण गेला. एकही भाग धड मारेना. मला आधी उष्णतेचा संशय. चीनमध्ये तु यूयू यांच्या गटाला हेच नडलं होतं. १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, तेव्हा कुठे उंदरांमधला मलेरिया हटला. किंवा मग सिलिकालाच काहीतरी चिकटून बसलं असेल. दोन्ही शंका एकदम फिटाव्यात म्हणून सगळे भाग मूळ प्रमाणात परत एकत्र ओतले.

गुण परत आला. जवळजवळ पूर्ण. म्हणजे काही जळलं नव्हतं, चिकटूनही बसलं नव्हतं; भागांना एकमेकांची साथ लागत होती.

लगेच नाचू नकोस. ‘तुम्ही झाडाचं शवविच्छेदन करता आणि मग विचारता जीव कुठे गेला’, हे तुझं वसतिगृहाच्या गच्चीवरचं वाक्य मला त्या क्षणी ऐकू आलं, कबूल. पण माझं म्हणणं आजही तेच आहे: गुण देणारा रेणू वेगळा काढला, तरच मात्रा मोजता येते. ब्राझीलच्या जंगलातलं इपेकॅकचं मूळ आमांशावर पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलं. त्याने आधी उलटीच व्हायची, आणि त्यातलं गुणकारी द्रव्य, एमेटीन, प्रत्येक मुळात सारख्या प्रमाणात नसे. १९१२ मध्ये लेनर्ड रॉजर्सनी कलकत्त्यात एमेटीनची इंजेक्शनं दिली, तेव्हा मात्रा मोजून देता आली. एमेटीन हृदयाला बाधतं रे, तिथे अंदाजपंचे चालत नाही. यावर तू सिंकोना, म्हणजे ज्याच्या सालीतून मलेरियावरचं क्विनीन मिळतं ते झाड, काढणार, माहीत आहे. १८६६ च्या मद्रास आयोगाने सालीतल्या क्विनीनबरोबर बाकीचे तीन अल्कलॉइडही रुग्णांना देऊन पाहिले, चारही तापावर चालले, आणि पुढे हिंदुस्थानात त्यांचं मिश्रण स्वस्तात मिळू लागलं. हा मुद्दा तुझा, मोकळ्या मनाने देतो.

खरी बोच पुढेच आहे. आमच्याकडे ठरतंय की हे काम बाजूला ठेवावं, कारण एक रेणू नसेल तर पुढे कुणी पैसा घालत नाही. मला हे सहन होत नाही. या रोगाला अजूनही अँटिमनीची इंजेक्शनं टोचतात, रोज, तीन-तीन आठवडे, हृदयावर नजर ठेवून. मिल्टेफोसीन तोंडाने घेता येतं, पण गर्भवतीला देता येत नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर ते व्रण उठतात त्यांच्या खिशात बाजाराला खेचून आणण्याइतका पैसा कधीच नसतो, म्हणून त्यांच्या औषधाने पहिल्या अडचणीलाच फ्रीझरमध्ये जायचं का?

आणि मिश्रणाला वाट नाही असंही नाही. ॲमेझॉनच्या क्रोटॉन लेक्लेरी या झाडाच्या लाल चिकापासून केलेलं क्रोफेलेमर हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, एचआयव्हीच्या रुग्णांच्या जुलाबावर. तो एक रेणू नव्हे, लहानमोठ्या रेणूंचा मेळाच आहे. फक्त प्रत्येक घाणा आधीच्यासारखाच आहे हे दाखवावं लागतं. आमचं घोडं नेमकं तिथेच अडतं: झाड सावलीतलं की उन्हातलं, पान किती दिवसांचं, पावसाआधी तोडलं की नंतर, सगळ्याने अर्क बदलतो.

म्हणून तुला विचारतो, वाद बाजूला ठेवून. औषधासाठी तुझ्या दवाखान्यात आलेली वनस्पती तू परत पाठवतोस ती कशावरून? वास, चव, तोडल्यावरचा रंग, जे काही हाताला कळतं ते सगळं लिही. त्यातलं मोजता येण्याजोगं मी मोजून बघेन. सध्या दोन-दोन भागांच्या जोड्या लावून कोणाला कोणाची साथ लागते ते शोधतोय, आणि बैठकीत ते काम बंद करू देणार नाही.

दवाखाना नव्या जागेत नेलास म्हणे, छान केलंस. छोटीची परीक्षा झाली का? वहिनींना नमस्कार. उत्तर महिनाअखेरच्या आत हवं, बैठक त्यानंतर लगेच आहे.

तुझा,
श्री