दिवा-वसई मार्ग फक्त मालगाड्यांसाठीच का?

दिवा-वसई हा दुहेरी, विद्युतीकरण झालेला मार्ग मध्य आणि पश्चिम रेल्वेला जोडतो. पण भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड किंवा जूचंद्रला फलाटावर उभे राहा, समोरून धडधडत जातात त्या कंटेनरच्या मालगाड्या! मेमू या विजेवरच्या प्रवासी गाड्यांच्या फेऱ्या मोजक्याच. एक चुकली की पुढचे काही तास गाडी नाही. भिवंडीच्या गोदामांत आणि यंत्रमागांवर कामाला जाणाऱ्यांनी मग घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकायचे, नाहीतर दादरला वळसा घालायचा. भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांना तर तीही सोय नाही. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, असे सांगितले जाते. वेळेवर गाडीच नसेल तर प्रवासी वाढणार कुठून?

मालवाहतुकीसाठी समर्पित मार्गिका याच पट्ट्यातून जाते आहे. मालगाड्या तिकडे वळतील तेव्हा मोकळा होणारा वेळ प्रवासी गाड्यांना द्यावा, आणि तोवर निदान सकाळ-संध्याकाळ अर्ध्या तासाला एक मेमू सोडावी. दोन्ही बाजूंच्या खासदारांनी ही मागणी एकत्रितपणे लावून धरावी.

– एक प्रवासी, खारबाव (ता. भिवंडी)