हेबियस कॉर्पस जिल्हा न्यायालयात होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या कायदेविषयक सदरात छापून आलंय की, पोलिसांनी माणसाला बेकायदा डांबलं तर घरच्यांनी जिल्हा न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करवून घेण्याची, याचिका करावी. हे साफ चूक आहे. गुन्हा चोरीचा असो की खुनाचा, ही याचिका ऐकण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना नाही. ती राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात होते, नाही तर कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात. आणि आपल्या इंदूरकरांचं उच्च न्यायालय म्हणजे इथलंच, एम.जी. रोडवरचं खंडपीठ. उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला असलं तरी तिकडे धावायचं काम नाही.

चिडून लिहितेय, कारण नेमक्या याच घोळात आमचे दोन दिवस गेले होते. 2009 सालची गोष्ट. सोमवारी रात्री साध्या कपड्यांतली चार माणसं माझ्या भाच्याला घरातून घेऊन गेली. त्याच्या चपला दारातच राहिल्या. ठाण्यात गेलो तर ‘आमच्याकडे नाही’. मंगळवारी कुणाच्या तरी सांगण्यावरून जिल्हा न्यायालयात अर्ज दिला, तो दुपारच्या आत परत आला. मग एका वकिलांनी जबलपूर सांगितलं. भावजी रात्रीच्या गाडीने गेले आणि तिथे त्यांना कळलं की इंदूरची बाब इंदूरच्या खंडपीठातच दाखल होते. इकडे ताई त्याचा दम्याचा पंप पदराच्या गाठीत बांधून ठाण्याबाहेरच्या ओट्यावर बसून होती. आत तरी पोचवा म्हणाली, तर कुणी घेतला नाही.

गुरुवारी आमची याचिका टाइप होत असतानाच पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. अटक दाखवली बुधवार रात्रीची! अटकेपासून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचा नियम कागदावर पाळला गेला. रिमांडचा हुकूम झाला, आणि एकदा तो झाला की हेबियस कॉर्पस सहसा चालत नाही, जामिनासाठीच झगडावं लागतं. मंगळवारीच कुणी बरोबर दार दाखवलं असतं तर?

सदर लिहिणाऱ्यांच्या मनात कदाचित फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 97 असेल, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 100 आहे. बेकायदा कोंडलेल्या माणसाच्या शोधासाठी मॅजिस्ट्रेट त्याखाली झडतीचं वॉरंट काढू शकतात. त्याचाही उपयोग होतो, पण ते हेबियस कॉर्पस नव्हे.

आणीबाणीत आपल्याच मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने, अशी याचिका ऐकता येते, असा निकाल दिला होता. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक असा फिरवला. एकटे न्या. खन्ना वेगळे राहिले. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो 1976 चा निकाल रद्दबातल ठरवला. इतक्या मोलाच्या हक्काचा पत्ता तरी नीट छापा.

आणखी एक. या सदराखाली लिहिणाऱ्याचं नाव कधीच नसतं. चुकलं तर वाचकाने विचारायचं कुणाला? मागे एकदा आपण चूकभूल छापलीत ती आतल्या पानावर, निविदांच्या खाली. ही दुरुस्ती सदराच्याच जागी, तेवढ्याच अक्षरात यावी. आणि 226 व 32 हे आकडे ठळक छापावेत, कात्रण काढून ठेवणाऱ्यांना रात्री-अपरात्री सापडायला बरं पडेल.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर