संडासात बसून वाचलेलं पुस्तक

प्रिय सुध्या,

फोन केला असता, पण तू पाच मिनिटं नुसता हसला असतास आणि मला पुढचं बोलताच आलं नसतं. म्हणून पत्र. दिवाळीनंतर एक ओळ नाही याबद्दल शिव्या घालायच्या त्या घाल. तब्येत ठीक, साखर थोडी वर.

तर परवा पहाटे साडेतीनला मी संडासात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मुक्ताचं 'फोर्थ विंग' वाचत होतो. (शैलजाला दिव्याचा त्रास होतो.) रेबेका यारोसचं, २०२३चं. ड्रॅगन, युद्धशाळा, आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं प्रेमात पडतात, ते. हास आता.

व्हायोलेट वीस वर्षांची. सांधे इतके कच्चे की कधीही निखळावेत. तिला पोथ्यापुस्तकांत राहायचंय, पण सेनापती आई तिला ड्रॅगनस्वारांत ढकलते. पहिल्याच दिवशी अठरा इंच रुंदीच्या कठड्यावरून दरी ओलांडायची. पाय घसरला की संपलं. त्याआधी जिन्यात एका अनोळखी मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत दिसतात, तर ही आपला एक बूट तिला देते आणि तिचा एक आपल्या पायात घालते. मी तिथेच गारद झालो. पाश्याला सांगू नकोस.

कठड्यापाशी झेडन उभा. हिच्या आईनं बंड मोडलं, त्यात त्याच्या बापाला देहदंड झाला. हिचा भाऊ त्याच बंडाशी लढताना मेला असं सगळे मानतात. मजा प्रेमात नाही रे, त्याच्या आधीच्या पानांत आहे. वैरी माणूस किती बारकाईनं बघतो! ही कुठल्या पायावर भार टाकते, कुठे हात जातो, सगळं त्याला ठाऊक. शैलजानं केस कापले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

पण मग लेखिका सोय करते. दोघांचे ड्रॅगन एकमेकांचे जोडीदार निघतात, फार काळ लांब राहू शकत नाहीत. म्हणजे स्वारांनीही जवळच राहायचं, एकमेकांना जिवंत ठेवायचं. संपलं वैर! पुढे नुसतं रुसणं-फुगणं, आणि त्याच्या दंडांची वर्णनं इतक्यांदा की मी पानं उलटत सुटलो. बंडखोरांच्या १०७ पोरांची हमी त्यानं घेतली म्हणून त्याच्या पाठीवर १०७ वण आहेत. आता या दोघांनी त्या पाठीविषयी रात्रभर बोलायला नको? माझ्या मते ते जेवढं व्हायला हवं तेवढं होतच नाही. बिछाना मात्र होतो.

आणि डेन. लहानपणापासूनचा मित्र. हिच्या गालाला हात लावून, न विचारता, हिच्या आठवणी वाचतो. हिच्या भल्यासाठीच म्हणे. तिथे मी पुस्तक मिटून नळ उगाच सोडून बसलो.

कारण तुझं ते 'सकाळ'चं कव्हर घातलेलं पुस्तक. तुला वाटतं ते मला मेसच्या बाकावर पडलेलं सापडलं. नव्हतं रे. तुझी ट्रंक उघडून काढलं होतं. मग बाकावर उभा राहून नायिकेच्या आवाजात अख्खं पान वाचलं, पाश्याच्या नाकातून आमटी आली, आणि तू ताट उचलून खोलीत गेलास. आठ दिवस बोलला नाहीस. नंतर बोलायला लागलास, तेव्हा मी विषय काढला नाही. सत्तावीस वर्षं काढला नाही. तुझीही चूक आहेच, तू त्या वर्षी माझा स्वेटर जाळलास आणि अजून उंदरांवर घालतोस. पण ट्रंकेचं माझ्याकडे.

काकांचा गुडघा कसा आहे? ईशाला कुठे मिळाली ॲडमिशन? वहिनींना नमस्कार सांग, मुळ्याच्या लोणच्याची बरणी परत करायची राहिलीय.

मुक्ताला अजून पत्ता नाही. तिला वाटतं पुस्तकाच्या पानांवर ओलावा पावसामुळे आलाय. दुसरा भाग तिनं मैत्रिणीला दिलाय, आणि मागायची मला लाज वाटते. तुझ्या कपाटात असणारच, मला माहितेय. पाठव. कव्हर घालून.

तुझा,
नंदू