आपल्या भुईकोटाचं नातं रेवदंड्यापर्यंत जातंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की सगळ्याच पेपरात सहलीची पानं यायला लागतात आणि त्यात कोकण म्हणलं की बीच, बोटिंग आणि मासळीची थाळी, बाकी काही नाही. त्यालाही माझी ना नाही, माणूस वर्षभर राबतो, त्याला समुद्र बघावासा वाटणारच. पण डिसेंबरात आम्ही चौघं मित्र रेवदंड्याला जाऊन आलो आणि तेव्हापासनं एक गोष्ट डोक्यातनं जात नाही, ती सोलापूरच्या वाचकांना सांगावी म्हणून हे पत्र. लांबलंय, लागेल तिथं कापा, पण चांदबिबीचा भाग ठेवा एवढी विनंती.

आम्ही चौघं शाळेपासनंचे. एक टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बघणारा-दुरुस्त करणारा, होता, एक इतिहास शिकवून रिटायर झालेला मास्तर, एकाचं किराणा दुकान आणि मी. जॉबरच्या घरात तेलुगू, दुकानदाराच्या घरात कन्नड, मास्तरच्या घरात उर्दू, माझ्या घरात मराठी, आणि आमच्यात चौघांची मिळून जी होते ती सोलापुरी. पहाटे साडेतीनला निघालो, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच, पुणे टाकलं, ताम्हिणी उतरलो आणि कोलाड, रोहा करत दुपार टळायच्या आत रेवदंडा. चारशेच्या आसपास किलोमीटर होतात. आपल्याकडं पहाटे स्वेटर घालून निघालेलो, घाट उतरल्यावर सगळ्यांनी काढून ठेवले.

रेवदंड्याचं पहिलं आश्चर्य म्हणजे किल्ला शोधावाच लागत नाही. अलिबाग-मुरूडचा रस्ता तटबंदीतनंच आत शिरतो आणि पलीकडनं बाहेर पडतो, एसटी सुद्धा तिथनंच जाते. गाव किल्ल्याच्या पोटात आहे. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, विहिरी, आणि मधेच एखाद्या वाडीच्या मागं चर्चची पडकी भिंत उभी. तट समुद्राकडं गेलाय तिथं झाडांच्या मुळ्यांनी दगड असे धरून ठेवलेत की मुळी कुठली आणि चिरा कुठला कळत नाही. गावकरी ज्याला सातखणी म्हणतात तो मनोरा पण बघितला, सात मजल्यांचा होता म्हणून ते नाव, आता वरचं बरंच पडलंय तरी मान वर करूनच बघावं लागतं. पोर्तुगीजांनी 1520 नंतर इथं हा कोट उभा केला आणि 1740 ला मराठ्यांच्या हातात येईपर्यंत त्यांच्याकडंच होता, म्हणजे दोनशे वर्षांच्या वर. शेजारचं चौल तर त्याच्याही लई आधीचं, कान्हेरीच्या लेण्यातल्या लेखात चेमुल म्हणून ज्याचं नाव येतं ते हेच गाव, दोन हजार वर्षांचं बंदर.

आता मुद्द्याचं. तटावर बसलो होतो, चहा प्यायला, समोर कुंडलिकेची खाडी आणि पलीकडं कोर्लईचा डोंगर, आणि मास्तरनं विचारलं की आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला चांदबिबीच्या हुंड्यात गेला होता हे माहितंय का तुम्हाला. मला अर्धवट माहीत होतं, बाकी दोघांना अजिबात नाही. मग त्यानं सांगितलं ते असं. नगरचा निजामशहा आणि विजापूरचा आदिलशहा ह्यांची सोलापूरच्या किल्ल्यावरनं पिढ्यानपिढ्या भांडणं. शेवटी राक्षसतागडीच्या लढाईच्या आधी, म्हणजे 1565 च्या आधी, विजयनगरच्या विरोधात एक व्हायचं ठरलं तेव्हा सोयरीक केली. हुसेन निजामशहाची लेक चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरचा किल्ला दिला. आणि अलीची बहीण इकडं हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला दिली. आपल्याकडं ज्याला साटंलोटं म्हणतात तेच.

आणि पुढं ऐका. 1570 मधे हेच दोघं मेव्हणे पोर्तुगीजांना हाकलायचं म्हणून एकाच वेळी निघाले. चांदबिबीचा नवरा गोव्याला वेढा घालून बसला आणि चांदबिबीचा भाऊ इथं, आम्ही बसलो होतो त्या कोटाला. कित्येक महिने वेढा चालला, तोफा चालल्या, माणसं मेली, आणि 1571 ला दोघांनाही तह करून परत जावं लागलं, कोट काही पडला नाही. मास्तर हे सांगत होता आणि जॉबर एकदम गप झाला, मग म्हणाला, "म्हणजे ह्यो पाहुण्यांचाच गाव की बे." आम्ही कोणी काही बोललो नाही पण चौघांनाही तसंच वाटलं. लहानपणी भुईकोटात सुट्टीत खेळलो, बागेत डबे खाल्ले, त्या तटाचा आणि ह्या तटाचा एकमेकांशी काही संबंध असेल हे पन्नाशी उलटल्यावर समुद्राकाठी बसून कळावं ह्याचं वाईट वाटलं.

आणि नातं तेवढंच नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी ह्याच चौलच्या बंदरावर एक रशियन व्यापारी उतरला, अफनासी निकितिन, साल साधारण 1469. वास्को द गामा कालिकतला आला 1498 ला, म्हणजे त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी. रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, ते पण बघून आलो. होर्मुजवरनं एक घोडा घेऊन आला होता विकायला, कारण तेव्हा बहमनी राज्याला लागणारे घोडे समुद्रानंच यायचे. त्यानं लिहून ठेवलंय की मी जाईन तिथं गोरा माणूस बघायला लोकं मागं लागतात. चौलहून तो जुन्नरला गेला, तिथल्या खानानं घोडा काढून घेतला, धर्म बदल तर देतो म्हणाला, कसाबसा परत मिळाला, मग बीदर. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे आळंदच्या शेख अल्लाउद्दीनच्या जत्रेचं आणि तिथल्या घोड्यांच्या बाजाराचं त्यानं लिहिलंय. आळंद म्हणजे आपल्यापासनं दीड-दोन तासांवर, आपल्याकडची कितीतरी लोकं आजही दर्ग्याला जातात. कलबुर्गीही त्यानं बघितलं आणि शेवटी दाभोळला जाऊन जहाज धरलं. बिचारा घरी पोचलाच नाही, स्वतःच्या गावी पोचायच्या आधीच वाटेत वारला, टिपणं तेवढी राहिली.

म्हणजे विचार करा, आपला भुईकोट पण बहमनी काळातलाच. आपण सोलापूरला कोरड्या मुलखातलं, समुद्राशी देणंघेणं नसलेलं गाव समजतो. पण घोडा चौलला उतरणार, घाट चढून वर येणार, आणि आपल्या ह्या मुलखात विकला जाणार, आणि देशावरचं कापड त्याच बंदरातनं बाहेर जाणार. चौलला तर रेशमाचे विणकर पण होते. जॉबरनं हे ऐकल्यावर त्याला दुसरं काही सुचेना, गावात दिसेल त्या म्हाताऱ्या माणसाला विचारत होता की माग कुठं होते, जागा तरी दाखवा.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. किल्ला एका लांबट डोंगराच्या सोंडेवर आहे, लाइटहाउसच्या बाजूनं वर जायला वाट आहे, वर गेलं की तिन्ही बाजूंनी पाणी. हा पोर्तुगीजांनी निजामशाहीकडनं 1594 ला घेतला. वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. पण मला किल्ल्यापेक्षा खालचं गाव जास्त लक्षात राहिलंय. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई वाल सोलत बसली होती, आम्ही चर्चची वाट विचारली, तिनं आपल्यासारख्याच मराठीत सांगितली, आणि मग आत नातवाला हाक मारून काहीतरी बोलली ते मराठी नव्हतं, कोकणी पण नव्हतं. दुकानदार मला हळूच म्हणाला, "काय बोलायलालेत बे ह्ये?"

ती भाषा पोर्तुगीज आणि मराठीची मिळून झालेली आहे. तिथली माणसं तिला नो लिंग म्हणतात, नो लिंग म्हणजे आमची भाषा. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांत, फार तर हजारभर माणसांत, ती बोलली जाते. पोर्तुगीज 1740 ला गेले, चर्च राहिलं आणि भाषा राहिली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्य मराठीसारखं, क्रियापद शेवटी. आम्ही खाली बसलो, बाईंनी पाणी दिलं, बोलत होतो. त्यांचं एकच म्हणणं होतं, नातवाला सगळं कळतं पण उत्तर मराठीतच देतो. हे ऐकून जॉबरचा चेहरा मी बघितला. त्याच्या घरात हेच चाललंय, तो पोरांशी तेलुगूत बोलतो आणि पोरं मराठीत उत्तर देतात. पूर्व भागात घराघरात हेच आहे, आणि कन्नड बोलणाऱ्या घरात पण. तो त्या बाईंना म्हणाला, तुम्ही बोलायचं सोडू नका, आम्ही पण सोडणार नाही. त्या हसल्या आणि मूठभर वाल त्याच्या हातावर ठेवले.

त्या रात्री आम्ही राहिलो होतो तिथल्या मालकांनी पोपटी लावली. हे खास थंडीतलंच. मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, चिकन खाणाऱ्यांना चिकन, वरनं परत पाला दाबून भरायचा आणि मडकं उलटं ठेवून भोवतीनं आणि वरनं गवत-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. अर्ध्या पाऊण तासानं मडकं उघडलं की जो वास येतो तो सांगता येत नाही. आम्ही त्यांना आपल्या हुरड्याचं सांगितलं, आगटी, गूळ, शेंगाचटणी, शेतातच बसून खायचं, त्यांना ते ऐकून यायचंच आहे, जानेवारीत या म्हणून सांगून आलोय, गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, पण बघून होईल.

आता तक्रार, आणि ती पण मनापासनं. एवढ्या मोठ्या इतिहासाच्या जागेवर आम्हाला जो बोर्ड दिसला तो ही वास्तू संरक्षित आहे, नुकसान केलं तर शिक्षा होईल एवढंच सांगणारा. इथं काय झालं, कोण लढलं, सातखणी कशाचा मनोरा आहे, आमच्या नजरेला एक ओळ पडली नाही. आमच्याबरोबर मास्तर होता म्हणून कळलं, नसता तर आम्ही पण फोटो काढून मासे खाऊन परत आलो असतो. आणि दुसरं, सांगायला लाज वाटते, एका पडक्या भिंतीवर आत बदामात दोन नावं कोरलेली आणि खाली गावाचं नाव सोलापूर. कोयत्यानं की चावीनं कोरलंय कोणास ठाऊक, दगडात खोल गेलंय, पुसता येत नाही. मास्तरनं हात फिरवून बघितला आणि तिथनं बाजूला जाऊन उभा राहिला. चारशे-पाचशे वर्षं ज्या दगडानं तोफा आणि खारा वारा सोसला त्याच्यावर आपल्या गावच्या पोरानं ही खूण ठेवली. तो हे पत्र वाचत असेल तर त्याला शिव्या नाही देत, फक्त परत एकदा जाऊन ये आणि तो तट नीट बघून ये.

संपादकसाहेब, मला तीन गोष्टी मागायच्या आहेत. एक आपल्याकडं, सहलीच्या पानात एखादा रविवार तरी अशा जुन्या बंदरांना द्या, चौल-रेवदंडा, दाभोळ, आणि त्यांचा आपल्या मुलखाशी काय संबंध ते जाणकारांकडनं लिहून घ्या. दुसरी शाळांना, दरवर्षी सहल निघते ती वॉटरपार्कला न नेता एक वर्ष तरी इथं न्या, पोरांना आधी भुईकोट दाखवून मग न्या, चांदबिबी पुस्तकात नगरच्या किल्ल्यावर मोगलांशी लढताना भेटते, ती सोलापूरची पण होती हे त्यांना कळू दे. आणि तिसरी ज्यांच्या हातात आहे त्यांना, आपल्या भुईकोटात दारातच मोठ्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अक्षरात हुंड्याची ती गोष्ट लावा. खर्च फार नाही, चार फळ्यांचा आहे. मजकूर मास्तर फुकट लिहून द्यायला तयार आहे आणि बाकी भाषांचं आम्ही बघून घेऊ, चौघांत चारही होतात.

गड्डा संपला की आमच्या गल्लीतली आणखी दोन घरं रेवदंड्याला जायचं म्हणतायत. त्यांना सांगितलंय, निघायच्या आदल्या संध्याकाळी भुईकोटात अर्धा तास बसा, मास्तर येईल. आणि कोर्लईच्या त्या बाईंसाठी जॉबरनं एक चादर काढून ठेवलीय, लाल-पांढरी, मोराची, ती त्यांच्याबरोबर पाठवायची आहे.

आपला,
एक वाचक
पूर्व भाग, सोलापूर