मंगोलांच्या विजयाचे श्रेय नुसत्या संख्येला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मंगोल आक्रमणांवरचा लेख आवडीने वाचला. विषय मराठीत क्वचित येतो, म्हणून लेखकाचे आभार. पण 'लाखो घोडेस्वारांचा लोंढा आला आणि वाटेतले सारे वाहून गेले' हा लेखभर घुमणारा सूर काही पटला नाही.

1206 साली ओनोन नदीकाठच्या सभेत तेमुजिन चंगीझखान झाला. तेव्हा त्याने हजार-हजार स्वारांच्या 95 तुकड्या नेमल्या, असे मंगोलांच्याच बखरीत आहे. प्रत्येक तुकडी पुरी भरलेली होती असे धरले, तरी आकडा लाखाच्या आतच राहतो. समोर उत्तर चीनमधले जिन साम्राज्य होते आणि त्याची प्रजा कोटींनी मोजावी लागे. तेव्हा संख्येचे पारडे कुणाकडे झुकत होते ते उघड आहे. चंगीझखानाने खरे काम केले ते घरातच. जुन्या टोळ्या फोडून त्याने माणसे दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्यांत मिसळून टाकली. सरदारकी देताना कुळापेक्षा कर्तबगारी पाहिली. जेबे आधी शत्रूकडे होता आणि त्याच्या बाणाने खानाचाच घोडा पडला होता. शरण आल्यावर त्याने ते सरळ कबूल केले. पुढे तोच खानाचा नावाजलेला सेनापती झाला.

वेढ्याच्या कामात मात्र हे लोक सुरुवातीला अगदीच कच्चे होते. 1209 मध्ये तंगुतांची (चीनच्या वायव्येकडच्या राज्यकर्त्यांची) राजधानी बुडवायला त्यांनी नदीचे पाणी वळवायचा घाट घातला. बंधारा फुटला आणि पाणी शिरले ते मंगोलांच्याच छावणीत! त्यानंतर सहा वर्षांनी जिन राजधानी झोंगदू, म्हणजे आजच्या बीजिंगच्या जागचे शहर, त्यांच्या हाती पडली. मधल्या काळात जिनांकडचे चिनी आणि खितान (उत्तर चीनवर आधी राज्य केलेल्या जमातीचे) अधिकारी, सैनिक, यंत्रे बांधणारे कारागीर मंगोलांना येऊन मिळाले होते, काही आपणहून तर काही धरून आणलेले. जिंकलेल्या मुलखातली माणसे पुढच्या मोहिमेला जुंपायची, ही रीत शेवटपर्यंत टिकली. दक्षिण चीनमधल्या सोंग राज्याचे शिआंगयांग पाच वर्षे दाद देत नव्हते. चंगीझखानाचा नातू कुबलाईखान याने इराणकडून इस्माईल आणि अलाउद्दीन हे दोन यंत्रकार आणवले. त्यांच्या प्रचंड गोफणयंत्रांनी तटाआड दगड बरसू लागले आणि 1273 मध्ये शहर शरण आले.

ख्वारज्मची, म्हणजे मध्य आशिया आणि इराणवर पसरलेल्या मुसलमानी राज्याविरुद्धची, मोहीम लेखात चार ओळींत उरकली आहे, ही मोठी उणीव. तिथली ठिणगी मंगोलांनी टाकली नव्हती. 1218 मध्ये ख्वारज्मच्या सरहद्दीवरच्या ओत्रार शहराच्या सुभेदाराने मंगोलांकडून आलेला व्यापारी तांडा हेर ठरवून कापून काढला आणि माल दाबला. जाब विचारायला आलेल्या वकिलाला ख्वारज्मचा राजा शाह महंमद याने ठार मारले. एवढे करून लढाईची वेळ आली तेव्हा त्याने फौज एकत्र केलीच नाही, ती शहराशहरांत वाटून टाकली. त्याचा स्वतःच्या सरदारांवर विश्वास नव्हता, आईच्या माहेरच्या किपचाक मंडळींवर तर नव्हताच. ओत्रारचा वेढा चालू असतानाच चंगीझखान किझिलकुमचे वाळवंट ओलांडून 1220 च्या फेब्रुवारीत बुखाऱ्यासमोर उभा राहिला. तिकडून कुणी येईल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. मार्चमध्ये समरकंद गेले आणि शाह पळता पळता कास्पियन समुद्रातल्या एका बेटावर मेला. इथे शाहकडे माणसे कमी नव्हती. ती एका हुकुमाखाली नव्हती.

यातून मंगोलांचे क्रौर्य सौम्य होत नाही. ख्वारज्मच्याच मर्व्ह आणि निशापूर शहरांत जे झाले ते भयंकरच होते, आणि वेढ्यात कैद्यांना ढालीसारखे पुढे हाकलणे ही तर त्यांची ठरलेली चाल. पण कत्तलीआधी कारागीर निवडून वेगळे काढत, हेही तितकेच ठरलेले. बेलग्रेडमध्ये पकडलेला गियोम नावाचा पॅरिसचा सोनार असाच मंगोलांची राजधानी काराकोरमला पोहोचला. तिथे त्याने तेव्हाचा खान मोंगके, म्हणजे चंगीझखानाचा नातू, याच्यासाठी चांदीचे झाड घडवले. त्याच्या सर्पाकृती नळ्यांतून चार प्रकारची पेये वाहत. 1254 मध्ये एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे.

लेखातला आणखी एक मुद्दा तपासावा असा वाटतो: चंगीझखानानंतर खान झालेला त्याचा मुलगा ओगताई याच्या मृत्यूमुळे युरोप वाचला. 1241 च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या अंतराने पोलंडमधल्या लेग्निका आणि हंगेरीतल्या मोही इथे युरोपीय फौजांचा धुव्वा उडाला, डिसेंबरात ओगताई वारला आणि 1242 मध्ये मंगोल हंगेरीतून परतले, हे खरे. पण मोहिमेचा प्रमुख, चंगीझखानाचा नातू बातू, नव्या खानाच्या निवडीला गेलाच नाही, तो व्होल्गाकाठीच राहिला. मला चाऱ्याचे कारण जास्त पटते. एकेका स्वारामागे अनेक घोडी असत आणि ती जगत कुरणावर. हंगेरीचे मैदान म्हणजे मंगोलियाचा गवताळ प्रदेश नव्हे. 1260 मध्ये मोंगकेचा भाऊ हुलागू यानेही बहुतेक फौज सीरियातून मागे नेली होती. पुढे फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्याने चारा आणि रसद संपल्याचेच कारण दिले. मागे ठेवलेल्या थोड्या फौजेला मामलुकांनी (इजिप्तच्या सुलतानांनी) पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला हरवले.

लेखमालेचा पुढचा भाग भारतावर असेल, तर सिंधूकाठी 1221 मध्ये चंगीझखान आणि शाह महंमदाचा मुलगा जलालुद्दीन यांच्यात झालेल्या लढाईवरच थांबू नये. 1303 मध्ये तरघीच्या मंगोल फौजेने दिल्लीला सुमारे दोन महिने वेढा घातला. चितोडहून नुकताच परतलेला दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खलजी दिल्लीलगतच्या सिरीजवळ खंदक खणून बसला होता. त्यानंतर त्याने वायव्येचे किल्ले दुरुस्त केले आणि कमी पगारात मोठी फौज पोसता यावी म्हणून धान्याचे भाव बांधून दिले. याच अलाउद्दीनने 1296 मध्ये रामदेवराव यादवाच्या देवगिरीची लूट वापरून तख्त मिळवले होते. हा धागा मराठी वाचकांसाठी सविस्तर यायला हवा. आणि सोबतच्या नकाशात बाणांच्या जोडीला नद्या, वाळवंटे आणि कुरणेही दाखवावीत, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, मिरज