व्हॉट्सॲपवरच्या निवेदनाला पोच कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतात जाणाऱ्या आमच्या पांदण रस्त्याचं निवेदन गेल्या वर्षी मृगात मी आमदारांच्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं. सोबत चिखलात फसलेल्या बैलबंडीचा फोटो. संध्याकाळपर्यंत दोन निळ्या खुणा आल्या. आठ दिवसांनी स्वीय सहायकाला फोन केला, तर म्हणे, "भाऊ, साहेबानं पाह्यलं, होऊन जाईन." पोळा झाला, दसरा झाला, पहिल्या वेच्याचा कापूस गाठोडी करून डोक्यावरच बाहेर काढला. दिवाळीनंतर पुन्हा विचारलं, तेव्हा सहायक बदलला होता, मोबाईल नवा होता आणि जुना मेसेज कोणापाशीच नव्हता. म्हणजे कागदोपत्री मी काही मागितलंच नव्हतं!

पूर्वी निवेदनाच्या दोन प्रती न्यायचो. एकीवर शिक्का, सही, तारीख, आवक क्रमांक. काम होवो न होवो, ती पोच घरच्या पेटीत राहायची आणि पुढच्या खेपेला समोर धरून बोलता यायचं. मोबाईलमुळे एसटीची फेरी वाचली, पण पोचही गेली. आमदारांच्या नावाचा ग्रुप गावात आहे. त्यावर वाढदिवस, भूमिपूजनं, फलकांचे फोटो येतात. लिहू फक्त ॲडमिन शकतो. (आम्हाला अंगठा दाखवायची मुभा आहे.)

हे आता जास्त टोचतं, कारण यवतमाळ जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक आले आणि वर्षानुवर्षं बसून राहिले. पांदण, शाळेची खोली, नळयोजना या गोष्टी सर्कलच्या सदस्याला बाजाराच्या दिवशी गाठून सांगता यायच्या. तो माणूसच उरला नाही, मग सगळं आमदारावर येतं. अख्ख्या विदर्भाला आमदार मात्र 62च. हिवाळी अधिवेशन आपल्या नागपुरात होतं, पण तिथेही मोर्चा रस्त्यात अडवतात आणि चार-पाच जणांना आत नेऊन निवेदन घेतात.

खासदाराचा सरकारी ई-मेल पत्ता आणि त्याने विचारलेले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर सापडतात, एवढं तरी बरं. राज्य सरकारच्या 'आपले सरकार' संकेतस्थळावर तक्रारीला क्रमांक मिळतो, पण ती जाते अधिकाऱ्याकडे. आमदाराला तिची खबरही नसते. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर देणं 2005 पासून बंधनकारक आहे. निवडून दिलेल्या माणसाला विचारलं तर अशी काही मुदत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक आमदाराच्या नावे विधिमंडळानेच एक ऑनलाइन खातं उघडावं. निवेदन गेलं की अर्जदाराला क्रमांक यावा. आमदाराने ते कोणत्या खात्याकडे कधी पाठवलं, तिथून काय उत्तर आलं, हे त्याच क्रमांकावर पाहता यावं. सहायक बदलला, आमदार पडला, तरी निवेदन जागेवर राहील. उत्तर 'निधी नाही' असं आलं तरी चालेल. निदान दुसरं दार ठोठावता येईल. अर्जदाराचं नाव आणि फोन नंबर मात्र उघड करू नये. पांदणीवरच अतिक्रमण असतं, आणि ज्याचं असतं तो शेजारीच राहतो.

सगळ्यांना हे जमणार नाही, ठाऊक आहे. आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही जातो, आणि म्हाताऱ्या बाया फोन फक्त उचलतात. त्यांचं निवेदन ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्राच्या ऑपरेटरने टाइप करून पाठवावं आणि छापील पोच हातात द्यावी. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, तिथे गावाच्या निवेदनांचं काय झालं ते वाचून दाखवावं. अर्धा तास पुरेल.

पांदणीचं म्हणाल तर यंदा पुन्हा कागदच केला. तहसीलच्या आवक-जावक टेबलावर दिला आणि शिक्का मारून पोच घेऊन आलो. डवरणीचा एक दिवस त्यात गेला.

आपला,
एक शेतकरी वाचक,
जि. यवतमाळ