गुडघा तोच आहे मॅडम, पण आता रात्री झोप लागते

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी कराडचा रिटायर एसटी ड्रायव्हर. डावा गुडघा झिजलेला, दहा महिन्यांपूर्वी तुम्ही सुईनं नसा बधिर केलेला तो. सोबत बायको होती आणि माझं दुखणं माझ्यापेक्षा जास्त तीच सांगत होती, त्यावरून आठवलं तर बघा. तुमचं नाव टाकत नाही कारण जाहिरात नको असं तुम्हीच म्हणलेला, पण माझ्यासारखे क्लच दाबून दाबून गुडघे धरून बसलेले लय जण आहेत, त्यांनी वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. मोबाईलवर बोलून टाईप करतोय, चुका समजून घ्या.

31 वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी कराड-चिपळूण. कुंभार्ली घाटात जुन्या गाडीला दुसऱ्या गियरवरनं पहिल्यावर, पहिल्यावरनं दुसऱ्यावर, डावा पाय नुसता शिवणयंत्रासारखा. म्हणून तुमच्यासमोर बसल्या बसल्या मी म्हणलं एसटीनं गुडघा खाल्ला. तुम्ही एक्स-रेवरनं नजर न काढता विचारलंत, मग काका उजव्याला पण दुसऱ्या पायरीची झीज, ग्रेड टू, कशी काय, तो तर क्लचवर नव्हता? वजन 88, वय 61, आईचेही गुडघे गेलेले, थोडं वाटून घ्या म्हणालात. तिथंच मला बरं वाटलेलं, कारण तोवर मला सगळ्यांनी माझ्या मनासारखंच सांगितलं होतं आणि पैसे घेतले होते.

ते पण सांगतो. पहिली तीन वर्षं दुखण्याच्या गोळ्या, मेडिकलवाला नुसतं बघितलं की स्ट्रिप काढून द्यायचा, शेवटी रक्तात क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण, तेव्हा बंद. मग गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, दोन महिने राजा, पण त्या आठवड्यात शुगर 300 वर गेली, मधुमेह्याला असं होतं हे कुणी आधी सांगायला पाहिजे होतं की नाही? मग एका ठिकाणी (नाव घेत नाही) स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, परत गुडघ्यात सोडायचं तीन इंजेक्शनचं पॅकेज, कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, नवीन येईल म्हणाले. काही आलं नाही. विचारायला गेलो तर अजून तीनचा कोर्स. त्यानंतर एकानं दुर्बिणीनं गुडघा धुऊन घ्या म्हणून सांगितलेलं, ते मात्र केलं नाही. पुढं तुम्ही मला अमेरिकेतल्या ह्यूस्टनची ती गोष्ट सांगितलीत, 2002 साली छापून आलेली, 180 पेशंट, काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरोखर साफ केला आणि काहींना नुसते वरवर चिरे देऊन टाके घातले, आणि दोन वर्षांनी बघितलं तर दोघांत फरक नाही. ही गोष्ट मी आता डेपोत जो भेटेल त्याला सांगतो.

सांधा बदलणारे सर्जन भले माणूस होते. ते म्हणाले ऑपरेशन तुम्हाला लागणार आहे आज ना उद्या, पण तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 9.4 आहे, यात केलं तर इन्फेक्शनची भीती, आधी ती खाली आणा, तोवर पेन क्लिनिकला दाखवा. पेन क्लिनिक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बायको म्हणाली भूल देणारे डॉक्टर असतात तिथं, म्हणजे झोपवूनच ठेवणार तुम्हाला.

तुम्ही कागदावर गुडघा काढलात, वाटीच्या वर दोन टिंबं आणि खाली आतल्या बाजूला एक. इथनं बारीक नसा जातात, त्या फक्त दुखण्याची खबर वर पोचवतात, सुईच्या टोकाशी उष्णता देऊन त्या बधिर करायच्या. मी म्हणलं खाली बाहेरच्या बाजूला चौथं टिंब का नाही, तर तिथनं पाऊल उचलणारी नस जाते, तिला चटका बसला तर पाऊल लटकं पडेल. मग मी माझा खरा प्रश्न विचारला. म्हणजे मॅडम इंजिन तसंच खराब आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वायर कापायची? हे तर चुकीचं ड्रायव्हिंग झालं. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात बरोबर आहे, गुडघा बरा होणार नाही, एक्स-रे असाच राहील, पण हा दिवा सात वर्षं पेटलेला आहे, बिघाड काय आहे ते आपल्या दोघांना माहितीये, आता तो फक्त तुम्हाला झोपू देत नाही आणि चालू देत नाही, आणि चालला नाहीत तर मांडीचा स्नायू बसतो, मग गुडघा अजून दुखतो. सगळ्या नसा घेत नाही, थोडी कळ राहीलच. शिवाय नस परत वाढते, सहा महिने ते वर्षभर धरा.

आणि मग ज्यासाठी हे पत्र आहे ते. तुम्ही लगेच तारीख दिली नाहीत. आधी त्याच तीन जागी नुसतं बधिर करायचं औषध दिलंत आणि एक वही हातात दिलीत, दर तासाला दहापैकी किती दुखतंय लिहा, जिना चढा, जमिनीवर बसून बघा, निम्म्याच्या वर फरक पडला तरच पुढचं करू, नाहीतर मी करणार नाही. करणार नाही! सात वर्षांत असं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. मी तुमच्या बिल्डिंगचे तीन मजले दोनदा चढलो-उतरलो, आठाचं दुखणं दोनवर आलं, बायको खाली रडायला लागली. मग संध्याकाळच्या गाडीत बसलो आणि खंबाटकी उतरेपर्यंत कळ परत हजर. वहीत सात लिहिलं आणि खरं सांगतो, सात लिहिताना बरं वाटलं, कारण आता कळलं होतं की दुखणं नेमकं कुठनं येतंय.

प्रत्यक्ष प्रोसिजरचं फार सांगण्यासारखं नाही, जागाच होतो. आधी बारीक करंट सोडून पाय झटकतोय का बघितलंत, झटकला नाही, मग तेवढ्या जागेपुरती भूल देऊन एकेका जागी 80 अंशाला 90 सेकंद. त्याच दिवशी घरी. पुढचे बारा दिवस मात्र गुडघा जास्तच दुखला, मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि हे होणार म्हणून तुम्ही आधी सांगितलेलं हे बायकोनं आठवण करून दिल्यावर गप्प बसलो.

भाच्यानं मधेच मुंबईहून व्हिडिओ पाठवला, मांडीतल्या रक्तवाहिनीतून जाऊन गुडघ्याच्या सुजलेल्या अस्तराच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतात, जपानच्या ओकुनो डॉक्टरांचं काम. तुम्हाला विचारलं तर म्हणालात चांगली पद्धत आहे, मी करत नाही, रेडिओलॉजीवाले करतात, आणि गुडघा कमी झिजलेला असेल तर जास्त उपयोग. स्वतःचं दुकान असून दुसऱ्याच्या मालाला नावं न ठेवणारं माणूस दुर्मिळ.

आज दहावा महिना. दुखणं तीनवर असतं. उकिडवं बसता येत नाही, ते येणारही नाही. पण टॉवेल गुडघ्याखाली घालून दहा आकडे दाबायचा व्यायाम रोज दोन वेळा, रोज संगमापर्यंत चालत जाणं-येणं, वजन 81. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी, हे तुमचं गणित मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली म्हणजे अठ्ठावीस किलो, अर्ध्या सिमेंटच्या गोणीपेक्षा जास्त, आता भात अजून कमी करा. तीन महिन्यांची शुगर 7.3 आली, सर्जनसाहेबांना पण दाखवून आलो, म्हणाले घाई नाही.

गेल्या आठवड्यापासून जिना उतरताना आतल्या बाजूला जुनी कळ थोडी थोडी ओळख देतेय. नस परत वाढली असेल. पुढच्या महिन्यात येतो, वही जपून ठेवलीय, पुढची पानं कोरी आहेत. एक्स-रे नवीन काढून आणायचा की जुना चालेल तेवढं काउंटरवरच्या ताईंना फोनवर सांगायला सांगा. कुळथाचं पीठ आणतोय, नाही म्हणू नका, बायकोनं दळून ठेवलंय.

तुमचा,
डावा गुडघा, कराड